सिस्टर नोरोचं सुतक

पुण्याहून परत आल्यापासून अमरावतीत जो भेटतो तो एकच विचारतो, "काय ढोले बाई, शनिवारवाडा पाहिला का? बाकरवडी आणली का?" नाही पाहिला आणि नाही आणली. महिनाभर मी कर्वेनगरातल्या एका सोसायटीच्या तळमजल्यावर राहिले, आणि तिथून जे पुणं दिसलं ते कोणत्याही सहलवाल्याने कोणाला दाखवलं नसेल. ज्यांची मुलं तिकडे नोकरीला आहेत आणि जे अजून स्वतः गेलेले नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. रागात लिहिते आहे, तेवढं सांभाळून घ्या.

मी गेले कशाला, ते आधी सांगते. इथल्या सिस्टरांच्या शाळेत माझी सगळी नोकरी मराठी शिकवण्यात गेली. माझ्या घरी देव्हारा आहे, त्यांच्याकडे क्रूस आहे, आणि त्यावरून आमचं कधी वाजलं नाही. तिथल्या मदरचा दिवाळीनंतर फोन आला. "बाई, आमची एक मुलगी पुण्यात आली आहे. सिस्टर नोरो. मादागास्करची. म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला पाठवली आहे. तिच्याआधी दोघी परदेशातून आल्या आणि रडत परत गेल्या. पुण्याच्या घरातली सिस्टर फिलो गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी केरळला चालली आहे, म्हणजे ही पोर एकटी पडणार. तुम्ही महिनाभर जाता का? तिला मराठी शिकवा, आणि ती तिथे टिकेल की नाही एवढं मला सांगा. टिकत नसेल तर मी तिला घरी पाठवते. उगाच हाल नकोत."

मादागास्कर मी नकाशात शोधलं. आफ्रिकेच्या बाजूला समुद्रात एकटं पडलेलं मोठं बेट. तिथून उठून कोणी कर्वेनगरात म्हातारे सांभाळायला येतं, हे पाहूनच माझं डोकं फिरलं. म्हणजे बघा, पुण्याची पोरं म्हाताऱ्यांना सोडून अमेरिकेला जाणार, आणि त्यांच्या जागी गरीब देशातली पोरगी तिच्या म्हाताऱ्यांना सोडून इथे येणार! मी मनात तेव्हाच उत्तर लिहून टाकलं होतं: नाही टिकणार, आणि टिकूही नये.

कर्वेनगर, तळमजला

सोसायटी जुनी, तीन मजली, लिफ्ट नाही. फाटकात पाऊल टाकलं तोच एक बाई वरच्या गॅलरीतून म्हणाल्या, "कोण हवंय?"

मी सांगितलं.

"किती दिवस आहात?"

मायबाई! आमच्याकडे पाहुण्याला पाणी देतात आणि पुण्यात परतीची तारीख विचारतात. या जोगबाई, सोसायटीच्या सेक्रेटरी. पुढे महिनाभर त्या माझ्याशी जेवढी वाक्यं बोलल्या त्यातली बहुतेक प्रश्नच होती, आणि प्रत्येक प्रश्नात मी काहीतरी चुकवल्याचा सूर होता.

नोरोने दार उघडलं. पंचविशीची पोट्टी, काळीसावळी, बुटकी, केस घट्ट बांधलेले, पांढऱ्या साडीचा पदर कंबरेला खोचलेला. हसली तर सगळे दात दिसले. "बाई, ये!" म्हणाली आणि माझ्या हातातली पेटी ओढूनच घेतली. तिच्या मराठीत सगळी दुनिया 'तू' होती. देवही तू, जोगबाईही तू. मी ते सुधारायला आले होते, पण पहिल्या दिवशी तरी मला ते फार गोड वाटलं.

आल्या आल्या तिने मला एका पातेल्यातलं तपकिरी, कोमट पाणी दिलं. पातेल्याच्या बुडाला लागलेल्या भाताच्या खरपुडीवर पाणी ओतून उकळायचं आणि जेवणानंतर ते प्यायचं, ही त्यांच्याकडची रीत. भात तिन्ही त्रिकाळ, आणि वर हे करपट पाणी. मी एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. नोरो खुशीत म्हणाली, "ओगले पण असंच तोंड केला. आता रोज मागतो!"

हे ओगले म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा. ऐंशीच्या पुढचे, बायको गेलेली, मुलगा कॅनडात. दोन वर्षांत ते जिना उतरलेले नव्हते. नोरोचं काम तीन घरी होतं, पण मुख्य ओगल्यांकडे: सकाळी आंघोळ घालायची, दाढी करायची, पायाच्या जखमेला पट्टी बांधायची. तिने नर्सिंगचं शिक्षण घेतलेलं आहे, हात हलका आहे. धर्माबिर्माचं कोणाच्या घरी ती चकार शब्द काढत नसे. एकदा मीच विचारलं तर म्हणाली, "पाठ चोळते तेव्हा मी मनात प्रार्थना करते. पाठीला काय कळतं कोणाची?"

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर वर गेले. ओगले पंचा नेसून खुर्चीत बसले होते. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आपण भाषा शिकवायला आलात म्हणे."

"हो."

"अमरावतीहून."

"हो."

"पुण्यात कोणी मिळालं नाही वाटतं." आणि तोंड नोरोकडे फिरवून, "पाणी गार आहे. कालही होतं."

मला असा राग आला! ही पोरगी समुद्र ओलांडून आली, तुमच्या पायाची घाण धुते, आणि तुम्ही पाण्याचं तापमान काढता? नोरो मात्र हसत होती. गार पाण्यात गरम ओतून तिने स्वतःच्या मनगटावर पाहिलं, मग म्हाताऱ्याच्या डोक्यावर पहिला तांब्या घातला. ओगल्यांनी डोळे मिटले. धन्यवाद, बरं वाटलं, काही नाही. निघताना म्हणाले, "उद्या उशीर नको." उशीर आजही झाला नव्हता.

जिन्यात मी नोरोला म्हटलं, "कशी गं सहन करतेस?"

"तो चांगला आहे."

"कशावरून?"

तिला मराठीत सांगता येईना. खांदे उडवले आणि खाली धावली.

हिंजवडी

एका रविवारी माझा भाचा अक्षय याच्याकडे जायचं ठरलं. तो हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. नोरोलाही घेऊन गेले, म्हटलं पोरीने जरा बाहेरची हवा खावी. हवा कसली, धूर खाल्ला. रविवार असून रस्ता असा तुंबलेला की आमच्या रिक्षाशेजारचा मोटारसायकलवाला उतरून वडापाव खाऊन परत आला आणि आम्ही तिथेच. ज्या गावाची शेतं विकून हे मनोरे उभे केले त्या गावचा रस्ता बैलगाडीपुरता होता, तो तेवढाच ठेवलाय. एवढे हुशार इंजिनियर एका ठिकाणी गोळा केले आणि त्यातल्या एकालाही रस्ता सुचला नाही.

वाटेत मिसळ खाल्ली. मिसळीबरोबर स्लाइस! पाव नाही, स्लाइस. आणि वर चिवडा-पोह्यांचा डोंगर, रस्सा असा की लहान बाळाला चालावा. नोरोने चाटून पुसून खाल्लं आणि मला विचारलं, "बाई, तुला काहीच का आवडत नाही?" मी म्हटलं, मला पुष्कळ काही आवडतं, ते सगळं अमरावतीत आहे.

अक्षयचा फ्लॅट एवढ्या उंचावर की खालची माणसं मुंग्यांएवढी दिसतात. त्याने बाहेरून जेवण मागवलं. बोलता बोलता नोरोला म्हणाला, "सिस्टर, ॲक्च्युअली मला एक कळत नाही. इथून सगळे बाहेर जायला बघतात आणि तुम्ही उलट्या इकडे? मतलब, व्हाय पुणे?"

नोरोने विचार केला. तिच्याकडे शब्द थोडेच, म्हणून ती सरळ बोलते. "इथे म्हातारे एकटे. मला बोलावलं, मी आले. तुझी आई कुठे आहे?"

"अमरावतीला."

"तिला आंघोळ कोण घालतो?"

अक्षयची आई म्हणजे माझी धाकटी बहीण. अर्धांगवायूने वर्षभर पडून आहे. "बाई ठेवलीय ना फुल टाइम," अक्षय म्हणाला, "कॅमेरा पण लावलाय, मी रोज चेक करतो." मग मोबाइल काढून त्याने खरंच दाखवलं. माझी बहीण पलंगावर पडलेली, वरून, छताच्या कोपऱ्यातून दिसत होती. नोरो त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली. मग मोबाइल परत देत म्हणाली, "माझी दादी पण एकटी आहे. बापाची आई. तिनेच मला वाढवलं."

'दादी' शब्द तिला कोणा हिंदीवाल्याने शिकवला असणार. मी त्या वेळी सुधारला नाही. परतताना रिक्षात मी मदरला सांगायचं वाक्य मनात पुन्हा पक्कं केलं.

फोन

त्यानंतरच्या आठवड्यात सकाळी नोरोला घरून फोन आला. ती स्वयंपाकघरात उभी होती. तिच्या भाषेत काहीतरी एकदाच बोलली, मग नुसती ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता जमिनीवर बसली. दादी गेली होती. झोपेतच. जाणं शक्य नव्हतं, विमानं बदलत बदलत पोहोचेपर्यंत माती होऊन गेली असती.

मी तिला जवळ घेतलं. ती मोठ्याने रडली नाही. थोड्या वेळाने उठून तोंड धुतलं आणि म्हणाली, "ओगलेला उशीर होतो." मी म्हटलं, आज राहू दे गं. तर म्हणाली, "नाही. हात रिकामे नको."

दारात जोगबाई भेटल्या. मी सांगितलं, हिची आजी गेली आत्ता. मला वाटलं बाई असून दोन शब्द बोलतील, पाठीवरून हात फिरवतील. काय विचारावं त्यांनी?

"आईची आई की वडिलांची आई?"

नोरो म्हणाली, "वडिलांची."

"म्हणजे दहा दिवस," जोगबाई म्हणाल्या. "दहा दिवस कोणाच्या घरी जायचं नाही. मी सगळ्यांना सांगते." आणि चपला वाजवत वर गेल्या.

सुतक! एकविसाव्या शतकात, मेट्रो चालते त्या गावात, एका ननला सुतक! आमच्या घरी वडील वारले तेव्हाही आम्ही तिसऱ्या दिवशी सगळं आटपून कामाला लागलो होतो, माझ्या वडिलांनीच तसं सांगून ठेवलं होतं. आणि इथे यांच्याच घरचं गू-मूत काढणारी पोर एका फोनसरशी विटाळली. म्हणजे ती शिवलेली चालत होती ती कामापुरती. आता सोवळं आठवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

नोरोला यातलं काही कळलं नाही. ती तशीच दुसऱ्या मजल्यावर गेली. ओगल्यांच्या स्वयंपाकाच्या बाईने दार अर्धं उघडलं, "साहेब म्हणाले दहा दिवस नको," आणि लावून घेतलं. उरलेल्या दोन्ही घरी तेच. संध्याकाळी कोणीतरी पिठलं-भाताचा डबा आमच्या कडीला अडकवून गेलं. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी देतात तो. बेल वाजवली आणि मी दार उघडेपर्यंत पसार. तोंड दाखवायला यांचं काय जात होतं?

नोरो डबा मांडीवर घेऊन बसून राहिली. "बाई, मी काय चूक केली?"

"तू काही केलं नाहीस. ही माणसंच अशी."

"माझी आजी मेली म्हणून ते मला घाबरतात?"

मी तिला काय सांगणार? सुतक म्हणजे विटाळ, विटाळ म्हणजे शिवायचं नाही. एवढं सांगितलं, आणि ते सांगताना माझ्या आवाजात जो तिरस्कार होता तोही तिने नीट ऐकला. मग तिने मला तिच्याकडची रीत सांगितली. घरात माणूस गेलं की सगळं गाव येतं. घर भरून जातं. भात शिजत राहतो, लोक गात राहतात, घरच्यांना कोणी क्षणभर एकटं सोडत नाही. काही वर्षांनी तर ते पितरांना कबरीतून बाहेर काढतात, नवं रेशमी कापड गुंडाळतात आणि त्यांना खांद्यावर घेऊन नाचतात. आई गं, माझ्या अंगावर काटा आला. तिला माझा काटा दिसला आणि ती हसली, त्या दिवसात पहिल्यांदाच. "आम्ही मेलेल्याला सोडत नाही," ती म्हणाली. "तुम्ही जिवंत माणसाला सोडलं."

मी उठले आणि मदरला फोन लावला. म्हटलं, "परत बोलवा हिला. इथे तिचं काही खरं नाही. पाठ धुवायला चालते, दुःखात चालत नाही." मदर म्हणाल्या, "ठीक आहे. शनिवारी तिला घेऊनच या. इथून तिच्या घरी जायची व्यवस्था करते." नोरोने ते ऐकलं, आणि पलंगाखालची बॅग ओढली.

दुसरा मजला

शुक्रवारी मी वर गेले. म्हटलं, जायच्या आधी या म्हाताऱ्याला चार शब्द सुनावल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

दार उघडंच होतं. ओगले खुर्चीत. दाढीचे पांढरे खुंट वाढलेले, केस विस्कटलेले, पायाची पट्टी मळलेली. मला पाहून पेपर खाली ठेवला.

"या. बसा म्हणत नाही, आपण बसायला आलेल्या दिसत नाही."

"नाहीच आले! तुम्हाला एवढंच सांगायला आले की उद्या ती पोर चालली. कायमची. आता करा सोवळं खुशाल. माणसाची आजी मरते, आणि तुम्ही तोंडावर दार लावता? विटाळ होतो म्हणे! तुमच्या पायातला पू काढताना तिला नाही झाला तो विटाळ?"

ते ऐकत राहिले. मग चष्मा काढला.

"अहो बाई, मला एक सांगा. माझी स्वयंपाकाची बाई आहे. तिची सासू मागल्या महिन्यात गेली. ती चौथ्या दिवशी कामावर आली. आम्ही काही म्हटलं?"

"मला काय माहीत?"

"नाही म्हटलं. तिचं सुतक तिच्या घरी. इथे ती पगारावर येते. कॅनडात माझ्या मुलाच्या शेजारी कोणी मेलं तर मला सुतक येतं का? परक्याचं सुतक कोणी धरतं का हो? आपण मराठीच्या शिक्षिका."

मी उभी होते ती खुर्चीत बसले.

"जोगबाई म्हणाल्या, वडिलांची आई, म्हणजे दहा दिवस," ते पुढे म्हणाले. "मी म्हटलं, बरोबर. घरच्या मुलीला जेवढं, तेवढं हिला. दहा दिवस तिने काम करायचं नाही, बसायचं, रडायचं असेल तर रडायचं. पहिल्या दिवशी मेलेलं माणूस मनात घेऊन ती माझी पाठ चोळायला आली होती. ते मला चालणार नाही."

"आणि ही दाढी?"

"तिची वाट पाहते आहे. दुसऱ्या कोणाचा वस्तरा मी गळ्याला लावून घेत नाही."

पण मी अमरावतीची आहे, एवढ्यावर गप्प बसणार नाही. "मग हे तिला कोणी सांगायचं होतं? दार अर्धं उघडून, 'साहेब म्हणाले दहा दिवस नको'? असं सांगतात? तिला वाटलं तुम्ही तिला हाकललं!"

"सांगायला आपण होतात की खाली. त्यासाठीच आणलंय ना आपल्याला?"

काय म्हणावं या माणसांना! मनात माया आहे, पण ती बाहेर येताना तिच्यावर शेरा मारल्याशिवाय सोडत नाहीत. एक वाक्य सरळ बोलले तर काय खडकवासल्याचं धरण फुटणार आहे?

मी धावत खाली गेले आणि नोरोला सगळं सांगितलं. परक्याचं सुतक नसतं, हे तुला घरचं समजून धरलं आहे, दार लावलं ते तुला विसावा म्हणून. शब्द शोधून शोधून, दोनदा, तीनदा सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. बॅगेची चेन तिच्या हातात होती.

"म्हणजे मी घरची आहे," ती म्हणाली.

"हो गं बाई!"

"मग ते माझ्या घरी का नाही आले?" आणि चेन ओढून लावली.

मी पुन्हा वर गेले, धापा टाकत. ओगल्यांना म्हटलं, "सुतक धरलंत ना? मग पुरतं धरा. तुमच्याकडेही मयताच्या घरी समाचाराला जातात. नुसता डबा कडीला अडकवून होत नाही. ती विचारते आहे, माझ्याकडे कोण आलं?"

ओगल्यांनी पेपर उचलला आणि वाचू लागले. मी म्हटलं, मरू दे, आणि खाली येऊन माझीही पेटी भरली.

जिना

शनिवारी सकाळी रिक्षा यायची होती. जिन्यात खुडबुड ऐकू आली. दार उघडून पाहिलं तर जोगबाई एका बाजूला, स्वयंपाकाची बाई दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये ओगले. धोतर, कोट, डोक्यावर टोपी, दाढी तशीच. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवायचे, श्वास घ्यायचा, मग पुढची. किती वेळ लागला मला माहीत नाही. जोगबाई म्हणत होत्या, "काका, पडाल," आणि काका म्हणत होते, "पडलो तर आपण आहातच."

आत आले. नोरो उभी राहिली. ते तिच्या पलंगावर बसले, जोगबाई खुर्चीत, स्वयंपाकाची बाई खाली. कोणी काही बोललं नाही. आपल्याकडे समाचाराला गेलं की असंच बसतात, हे नोरोला मी आता सांगायची गरज नव्हती. मग ओगल्यांनी विचारलं, "आजीचं नाव काय?"

"राझाफी."

"काय करायच्या?"

आणि नोरो बोलायला लागली. मी महिनाभर जे वदवून घेऊ शकले नाही ते सगळं मोडक्यातोडक्या मराठीत बाहेर आलं. दादी भाताची रोपं लावायची. दादीला वाचता येत नव्हतं पण चर्चमधली सगळी गाणी पाठ होती. दादी म्हणाली होती, जा, पण जिथे जाशील तिथे कोणाला तरी आई म्हण. बोलता बोलता ती रडली, फोन आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने, आणि तिघांपैकी कोणी तिला गप्प केलं नाही. जोगबाई पदराने स्वतःचं नाक पुसत होत्या.

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मी खिडकीतून त्याला थांब म्हटलं.

ओगले उठायला लागले. समाचाराहून उठताना 'येतो' म्हणत नाहीत, त्यांनीही म्हटलं नाही. पण उठता येईना. उतरण्यातच सगळी ताकद संपली होती. जोगबाई पुढे झाल्या तर त्यांना हातानेच थांबवलं.

"हात द्या," ते नोरोला म्हणाले.

नोरो जागची हलली नाही. "मला सुतक आहे. तू शिवू नको."

"माहीत आहे. दहा दिवस मीच सांगितले आहेत." हात तसाच पुढे होता. "शिवलं की मला वर जाऊन आंघोळ करावी लागेल. ती कोण घालणार, तेवढं सांगा."

नोरोने माझ्याकडे पाहिलं नाही, बॅगेकडेही नाही. तिने पदर कंबरेला खोचला, त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि दुसरा हात पाठीमागून घातला. "मी," म्हणाली. दोघं जिन्याला लागले. पायरीपायरीवर ओगले काहीतरी कुरकुरत होते, ही पायरी उंच आहे, धर नीट, घाई नको.

मी रिक्षावाल्याला परत पाठवला. त्याने वेळ घालवल्याबद्दल मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग मीही वर गेले. जिच्या शिवण्याने विटाळ झाला तिनेच आंघोळ घातली तर विटाळ फिटणार कसा, हे मला कळत होतं, जोगबाईंना कळत होतं, आणि ओगल्यांना तर नक्कीच. गिझर मी लावला.